साझाए-सान: वर्तमानपत्रातल्या चार चौकटी आणि रविवारची संध्याकाळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

साझाए-सान म्हणजे नेमकं काय?

जपानमधली एक अ‍ॅनिमेटेड टीव्ही मालिका. 5 ऑक्टोबर 1969 रोजी ती फुजी टीव्हीवर सुरू झाली आणि आजही दर रविवारी संध्याकाळी साडेसहाला लागते. आपल्याकडे तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात. जगातली सर्वांत जास्त काळ चाललेली अ‍ॅनिमेटेड टीव्ही मालिका म्हणून 2013 मध्ये गिनेसने तिची नोंद केली. अर्ध्या तासाच्या भागात साधारण सात-सात मिनिटांच्या तीन गोष्टी असतात. यंत्रमानव नाहीत, जादू नाही, मारामारी नाही. टोकियोच्या सेतागाया भागातल्या एका बैठ्या घरात सात माणसं आणि एक मांजर राहतात, त्यांच्या रोजच्या जगण्याच्या या गोष्टी.

मूळ आहे माचिको हासेगावा यांची चार चौकटींची चित्रपट्टी. ती वर्तमानपत्रात रोज छापून यायची. मालिका पाहणाऱ्या बऱ्याच जणांना हे ठाऊक असतं, पण चित्रपट्टी वाचलेली नसते. ती वाचल्याशिवाय साझाए अर्धीच कळते असं मला ठामपणे वाटतं, म्हणून पुढच्या उत्तरांत चित्रपट्टीबद्दल बरंच बोलणार आहे.

घरात कोण कोण आहे?

साझाए ही घरातली थोरली मुलगी. मालिकेत तिचं वय 24. धांदरट, बोलघेवडी आणि मनानं मोकळी. तिचा नवरा मासुओ, 28 वर्षांचा, नोकरदार. त्यांचा तीन वर्षांचा मुलगा तारा. (नाव वाचून मुलगी वाटते, पण तो मुलगा आहे. पूर्ण नाव ताराओ.) साझाएचे वडील नामिहेई, वय 54, डोक्यावर एकुलता एक केस. आई फुने. साझाएचा धाकटा भाऊ कात्सुओ पाचवीत आहे, अभ्यासात कच्चा आणि उचापतींत पक्का. धाकटी बहीण वाकामे तिसरीत. मांजराचं नाव तामा.

याशिवाय नोरिसुके हा नामिहेईंचा भाचा, त्याची बायको ताइको आणि त्यांचं तान्हं बाळ इकुरा यांचं सतत येणंजाणं असतं. मासुओच्या ऑफिसातला अनागो आहे. आणि मागच्या दाराशी येऊन ऑर्डर घेऊन जाणारा, मिकावाया दुकानातला साबुरो आहे. हे शेवटचं पात्र मला विशेष आवडतं. स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून सोया सॉसची बाटली पोचवणारा आणि जाता जाता गल्लीतली बातमी सांगणारा माणूस जपानी शहरांतून केव्हाच नाहीसा झाला. तो या घरात अजून येतो.

सगळ्यांची नावं समुद्रातली का?

हासेगावांना ही चित्रपट्टी सुचली तेव्हा त्या फुकुओका शहरात, मोमोची किनाऱ्याजवळ राहत होत्या. किनाऱ्यावर फिरता फिरता त्यांनी माणसांची नावं ठरवली. साझाए म्हणजे शंखात राहणारा, निखाऱ्यावर भाजून खाल्ला जाणारा जीव. कात्सुओ म्हणजे आपल्या कुप्याच्या जातीतला मासा, वाकामे म्हणजे खायचं समुद्री शेवाळ, तारा म्हणजे कॉड, इकुरा म्हणजे माशाची अंडी. फुने म्हणजे होडी, आणि नामिहेईमधलं नामि म्हणजे लाट. आडनाव इसोनो, त्यात खडकाळ किनारा आहे. मासुओचं आडनाव फुगुता, त्यात तो प्रसिद्ध विषारी फुगू मासा आहे. मालवणातल्या कुणी घरातल्या पात्रांना बांगडा, तिसऱ्या, कोळंबी अशी नावं द्यावीत, तसा हा प्रकार.

मासुओ घरजावई आहे का?

मराठी वाचकाला पडणारा पहिला प्रश्न हाच असतो, आणि उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे.

जपानमध्ये जावयाला दत्तक घेऊन त्याला सासऱ्याचं आडनाव देण्याची जुनी रीत आहे. मासुओ तसा जावई नाही. त्याचं आडनाव फुगुताच राहिलं, आणि लग्नानंतर साझाए आणि तारा हेही फुगुता आहेत. म्हणजे एका छपराखाली दोन आडनावांची दोन कुटुंबं राहतात. चित्रपट्टीत याचं कारणही येतं. लग्नानंतर हे जोडपं आधी भाड्याच्या घरात राहत होतं. युद्धानंतरचे ते दिवस, सरपणाची टंचाई. मासुओने घरमालकाचं कुंपणच करवतीने कापलं, भांडण झालं आणि बिऱ्हाड सासुरवाडीला आलं ते कायमचं.

बायकोच्या आईवडिलांसोबत राहणाऱ्या नवऱ्याला जपानमध्ये आज सर्रास 'मासुओ-सान' म्हणतात. (सान म्हणजे नावामागे आदराने लावायचा शब्द, आपल्या 'राव' किंवा 'ताई'सारखा.) आपल्याकडे घरजावई या शब्दाला जो टोमण्याचा वास येतो, तो मालिकेत कुठेच नाही. सासरे-जावई संध्याकाळी एकत्र साके पितात, दोघं मिळून साझाएच्या तावडीतून सुटायचे बेत आखतात. सुनेला सासरी कसं वागवलं जातं यावर कथा रचण्याची वाट हासेगावांनी या एका मांडणीने बंद करून टाकली. साझाए माहेरीच राहते, म्हणून ती मोकळेपणाने हसते, चुकते, बापाशी वाद घालते. 1940 च्या दशकात एका बाईने वर्तमानपत्रासाठी असं घर रचलं, हे मला फार मोठं वाटतं.

माचिको हासेगावा कोण होत्या?

जन्म 30 जानेवारी 1920, सागा प्रांतात. बालपण फुकुओकात गेलं. वडील लवकर वारले आणि आई मुलींना घेऊन टोकियोला आली. तिथे किशोरवयातच माचिको या सुइहो तागावा यांच्या शिष्या झाल्या. तागावा हे त्या काळचे अतिशय लोकप्रिय व्यंगचित्रकार. जपानमध्ये व्यंगचित्रं काढून पोट भरणाऱ्या पहिल्या काही बायकांत हासेगावांची गणना होते. युद्धाच्या शेवटच्या काळात कुटुंब पुन्हा फुकुओकाला गेलं.

पुढे बहिणींनी मिळून स्वतःची प्रकाशन संस्था काढली, तिचं नाव शिमाइशा, म्हणजे भगिनींची संस्था. साझाएचे 68 खंड याच घरगुती संस्थेने छापले. माचिको यांनी लग्न केलं नाही. त्या आई आणि बहिणींसोबत राहिल्या. 'इजिवारु बासान' ही, सगळ्यांना छळणाऱ्या खाष्ट आजीची चित्रमालिकाही त्यांचीच. साझाए गोड वाटत असेल तर ती जरूर पाहावी, म्हणजे या बाईंची नजर किती तिखट होती ते कळतं. 27 मे 1992 रोजी त्या वारल्या आणि त्याच वर्षी सरकारने त्यांना मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान दिला.

चित्रपट्टी कुठे आणि किती वर्षं छापली गेली?

पहिली पट्टी 22 एप्रिल 1946 रोजी फुकुओकातल्या 'युकान फुकुनिची' या संध्याकाळच्या वर्तमानपत्रात आली. युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं. तेव्हा साझाए अविवाहित होती. टोकियोला परतायचं म्हणून हासेगावांनी तिचं लग्न लावून गोष्ट आटोपती घेतली होती, पण वाचकांनी तिला सोडलं नाही. 1949 पासून ती 'असाही शिंबुन'च्या संध्याकाळच्या आवृत्तीत आणि 1951 पासून सकाळच्या आवृत्तीत येऊ लागली. 21 फेब्रुवारी 1974 ला शेवटची पट्टी छापली गेली. म्हणजे सुमारे साडेचार वर्षं चित्रपट्टी आणि मालिका एकाच वेळी चालू होत्या. सकाळी पेपरात साझाए आणि रविवारी संध्याकाळी पडद्यावर साझाए.

चित्रपट्टी आणि मालिका यांत फरक काय?

खूप. हाच या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

चित्रपट्टी ही वर्तमानपत्राची होती. शेजारच्या रकान्यात जी बातमी, तिचा वारा त्या चार चौकटींना लागायचा. सुरुवातीच्या पट्ट्यांत रेशनच्या रांगा आहेत, काळ्या बाजारातला तांदूळ आहे, युद्धावरून परतलेले सैनिक आहेत, जुने कपडे उसवून नवे शिवणं आहे. घरात शिरलेले चोर आणि दारावर चिकटून बसणारे विक्रेते तर पदोपदी भेटतात. पुढे फ्रिज आणि टीव्ही घेण्याची धडपड येते, प्रदूषण येतं, विद्यार्थ्यांची आंदोलनं येतात, स्त्रीमुक्तीच्या चर्चा येतात, शेवटाकडे 1973 चं तेलाचं संकट येतं. इतकं सगळं, पण कधीही भाषण नाही. तिसऱ्या चौकटीपर्यंत आपण एक गोष्ट समजत असतो आणि चौथीत ती उलटते, बस्स. हासेगावांची साझाए कधी कधी चिडते, पोलिसाला खोटं सांगते, शेजारणीची फजिती करते. त्या साझाएला दात आहेत.

मालिकेनं त्या घरातली माणसं घेतली, बातमी मात्र घेतली नाही. पहिली काही वर्षं पडद्यावरची साझाए धावपळीच्या विनोदाची होती. आपटणं, पाठलाग, भांडी फुटणं. हळूहळू ती निवळत गेली. बातमीच्या जागी ऋतू आले. एप्रिलमध्ये साकुराच्या, म्हणजे चेरीच्या, बहराखालची पंगत, पावसाळ्यात वाळत न घातलेले कपडे, उन्हाळ्यात कलिंगड आणि फटाके, डिसेंबरमध्ये घराची साफसफाई, नवीन वर्षाला मुलांना मिळणारी पैशांची पाकिटं. कोणतंही वर्ष असो, हे सगळं त्याच क्रमानं येतं.

मालिकेनं चित्रपट्टी बिघडवली असं मी म्हणणार नाही. रोज बदलणारी बातमी पन्नास वर्षं पडद्यावर चालली नसती. ऋतू चालले. पण ज्या धारदार, उपाशी, हसऱ्या काळातून साझाए जन्माला आली तो काळ मालिकेत सापडत नाही. तो फक्त छापील चौकटींत आहे.

चार चौकटींची सात मिनिटं कशी करतात?

पटकथाकार हासेगावांच्या पट्ट्या चाळतात आणि एखादी किंवा दोन-तीन निवडतात. पट्टीतला विनोद हे गोष्टीचं बीज. त्याच्या आधी कारण रचायचं आणि नंतर परिणाम.

समजा पट्टीत एवढंच आहे की कात्सुओने कमी गुणांचा पेपर लपवला आणि तो भलत्याच वेळी सापडला. मालिकेत आधी शाळा येते, मित्र नाकाजिमा येतो, पेपर कुठे लपवायचा यावर खलबत होतं. मग वाकामेला संशय येतो, तारा निरागसपणे सगळ्यांसमोर बोलून जातो, नामिहेई कडाडतात. आणि शेवटी असं निघतं की नामिहेईंनीही लहानपणी हेच केलं होतं. चौथ्या चौकटीतला झटका इथे शेवटी येतोच असं नाही, बऱ्याचदा तो मधेच येऊन जातो आणि शेवट मऊ होतो. पट्टी वाचून मग तिच्यावरचा भाग पाहिला की हा बदल स्पष्ट दिसतो.

पात्रांची वयं का वाढत नाहीत? आपल्या चिंटूसारखं आहे का?

हो, त्या बाबतीत तसंच. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू 1991 मध्ये 'सकाळ'मध्ये आला आणि लहानच राहिला. रोजच्या चित्रपट्टीला हे सोयीचं असतं. वाचकाने मधले दहा दिवस पेपर पाहिला नाही तरी काही बिघडत नाही. फरक एवढाच की चिंटू पुढे खऱ्या कलाकारांच्या चित्रपटांतून पडद्यावर आला. साझाएचेही चित्रपट झाले, 1950 च्या दशकात चिएमी एरी या गायिका-अभिनेत्रीने ती भूमिका गाजवली होती, पण लोकांच्या मनात ठसली ती अ‍ॅनिमेशनमधली साझाए.

काळ थांबल्यामुळे काही गमतीशीर गोष्टी घडतात. नामिहेई 54 वर्षांचे आहेत हे कळल्यावर आजचे प्रेक्षक थक्क होतात, कारण ते सत्तरीचे दिसतात. तेव्हा जपानमध्ये 55 ला निवृत्ती असायची, त्यामुळे 54 चा माणूस म्हातारपणाच्या उंबरठ्यावरच समजला जाई. घरात अजून डायल फिरवायचा काळा फोन आहे, बुटकं गोल जेवणाचं टेबल आहे, मोबाइल कुणाकडेच नाही.

इतकी वर्षं तेच आवाज आहेत का?

साझाएचा आवाज पहिल्या भागापासून मिदोरी कातो यांचा आहे. एकाच पात्राला सर्वाधिक काळ आवाज देण्याची गिनेसची नोंद त्यांच्या नावावर आहे. ताराला ताकाको सासुगा यांनी 1969 पासून 2023 मध्ये निधन होईपर्यंत आवाज दिला. तीन वर्षांच्या मुलाचा आवाज, पन्नासहून अधिक वर्षं. नामिहेईंचा आवाज इचिरो नागाई यांचा होता. 2014 मध्ये ते अचानक गेले तेव्हा घरातलाच कुणी गेल्यासारखं लोकांना वाटलं.

आपल्या वाचकांना जवळचा वाटेल असा एक दुवा आहे. कात्सुओचा अगदी सुरुवातीचा आवाज नोबुयो ओयामा यांचा होता. 1979 पासून पुढची सव्वीस वर्षं जपानी डोरेमॉनचा आवाज झाल्या त्या याच.

भागाच्या शेवटी साझाए हात का दाखवते?

पुढच्या आठवड्यातल्या गोष्टी सांगून झाल्या की साझाए प्रेक्षकांशी दगड-कागद-कात्री खेळते. हे 1991 पासून. लहान मुलं, आणि खरं सांगायचं तर मोठेही, टीव्हीसमोर हात काढून बसतात. त्याआधी ती खाऊ हवेत उडवून तोंडात झेलायची आणि तो घशात अडकल्यासारखा आवाज काढायची. मुलांनी त्याची नक्कल केली तर धोका, म्हणून ते बंद झालं. साझाए कुठल्या आठवड्यात काय काढेल याचे आडाखे बांधणारे हौशी लोक जपानमध्ये आहेत, आणि ते अतिशय मन लावून नोंदी ठेवतात.

'साझाए-सान सिंड्रोम' म्हणजे काय?

मालिकेचं शेवटचं गाणं वाजलं की रविवार संपला. उद्या शाळा, उद्या ऑफिस. त्या वेळी मनावर येणाऱ्या मळभाला जपानमध्ये हे नाव पडलं.

शेअर बाजाराशीही तिचा संबंध जोडला गेला आहे. 2005 मध्ये दाइवा संशोधन संस्थेच्या अभ्यासात दिसलं की मालिकेची प्रेक्षकसंख्या वाढते तेव्हा शेअर उतरतात, आणि उलटही. कारण असं दिलं गेलं की हातात पैसा असला की लोक रविवारी संध्याकाळी बाहेर जेवायला, खरेदीला जातात आणि नसला की घरी बसून टीव्ही बघतात. याच्या जोरावर कुणी गुंतवणूक करू नये. या मालिकेच्या प्रेक्षकसंख्येचा सर्वोच्च आकडा, 39.4 टक्के, 16 सप्टेंबर 1979 चा आहे.

मालिका कधी बंद पडली होती का?

नाही, पण नवे भाग दोनदा थांबले. एकदा तेलाच्या संकटानंतर 1975 मध्ये आणि मग थेट 2020 च्या मे महिन्यात, कोविडमुळे आवाजाचं रेकॉर्डिंग करता येईना म्हणून. दोन्ही वेळा जुने भाग दाखवले. 2020 मध्ये जूनच्या शेवटाकडे नवे भाग पुन्हा सुरू झाले.

ती खरंच हाताने रंगवलेली होती का?

2013 पर्यंत. सेलवर, म्हणजे पातळ पारदर्शक प्लास्टिकच्या तावावर, चित्र उतरवून मागच्या बाजूने रंग भरायचा आणि मग कॅमेऱ्याखाली ठेवून एकेक चौकट टिपायची, ही जुनी पद्धत जपानी टीव्हीवरच्या बाकी सगळ्या मालिकांनी सोडल्यावरही एइकेन या निर्मिती संस्थेने साझाएसाठी चालू ठेवली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून सगळं काम संगणकावर गेलं. जुन्या भागांत रंगांना किंचित जाडपणा आहे, तो नव्यात नाही.

प्रायोजक कोण होतं?

सुरुवातीपासून तोशिबा, आणि दीर्घकाळ एकटीच. 2018 च्या मार्चमध्ये कंपनीने आर्थिक अडचणींमुळे प्रायोजकत्व सोडलं.

बसच्या खटल्याबद्दल ऐकलं आहे, ते काय?

टोकियो परिसरातल्या एका बस कंपनीने साझाए, कात्सुओ आणि वाकामे यांचे चेहरे आपल्या पर्यटक बसगाड्यांवर परवानगीशिवाय रंगवले. हासेगावांनी दावा लावला. बसवरचं चित्र कुठल्याही एका छापील चौकटीची नक्कल नव्हती, मग हक्कभंग कसा, असा मुद्दा निघाला. 1976 मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने निकाल हासेगावांच्या बाजूने दिला: चेहरा पाहताच वाचक पात्र ओळखतो, तेवढं पुरेसं आहे. पात्रांच्या हक्कांविषयी बोलताना जपानी वकील आजही या निकालापासून सुरुवात करतात.

टोकियोला गेलो तर काय पाहता येईल?

साकुराशिनमाची स्टेशनवर उतरा. तिथून निघणाऱ्या रस्त्याला साझाएचंच नाव आहे. इसोनो कुटुंबाचे कांस्य पुतळे 2012 मध्ये बसवले. नामिहेईंच्या डोक्यावरचा तो एकुलता केस कुणीतरी उपटून नेला, पुन्हा बसवला, पुन्हा गेला. जवळच हासेगावांनी आणि त्यांच्या बहिणीने जमवलेल्या चित्रांचं संग्रहालय आहे, 1985 मध्ये उघडलेलं, आणि त्याच्या समोर 2020 पासून खास माचिको यांच्या कामाचं स्मारक दालन. वेळ कमी असेल तर दालन आधी पाहा. मूळ चित्रांवरची शाईची रेघ किती झपाट्याने आणि किती अचूक ओढली आहे, ते छपाईत कळत नाही. फुकुओकातही मोमोचीच्या बाजूला साझाएच्या नावाचा रस्ता आहे.

जपानी येत नसेल तर सुरुवात कुठून करावी?

मालिका व्हिडिओ कॅसेट किंवा डीव्हीडीवर विकायला आलीच नाही. डिसेंबर 2018 पासून 1969 नंतरच्या काही वर्षांचे भाग जपानमध्ये अ‍ॅमेझॉन प्राइमवर दाखवायला सुरुवात झाली. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींना रविवारचा चालू भाग तर सहज मिळतोच, आणि जपानी शिकणाऱ्यांना तो फार उपयोगी आहे: वाक्यं छोटी, उच्चार स्वच्छ, आणि वडीलधारे, मुलं, दुकानदार एकमेकांशी कसे बोलतात ते एकाच घरात ऐकायला मिळतं.

बाकीच्यांनी चित्रपट्टीपासूनच सुरुवात करावी. कोदान्शा इंटरनॅशनलने निवडक पट्ट्यांचे 12 द्वैभाषिक खंड काढले होते, जपानी संवाद आणि इंग्रजी भाषांतर एकत्र. जुन्या पुस्तकांच्या बाजारात ते शोधावे लागतात. एखादा खंड मिळाला तर पट्ट्या ओळीने वाचू नका. एक वाचा, तिसऱ्या चौकटीवर थांबा, चौथीत काय होईल याचा अंदाज बांधा आणि मगच पुढे जा. हासेगावांचा अंदाज तुमच्यापेक्षा वेगळा निघेल, जवळजवळ प्रत्येक वेळी.